दोन रेघा

काल कपाट आवरताना जर्मन कादंबरीकार ग्युंटर ग्रासचं ‘टिन ड्रम’ हाती आलं. १९९९ साली त्याला नोबेल मिळालं तेव्हा हौसेनं घेतलेलं. २००६ नंतर हात लावला नव्हता. कोऱ्या पानावर पेन्सिलीनं, माझ्याच अक्षरात: ‘हा माणूस लपवत नाही.’ खाली दोन रेघा. एका रेघेनं भागलं नव्हतं माझं.

रात्रभर तेच डोक्यात. मलाच का अशी माणसं भेटतात? भरवसा टाकावा आणि… जाऊ दे.

सतराव्या वर्षी तो एसएसच्या, म्हणजे हिटलरच्या नाझी पक्षाच्या फौजेच्या, रणगाडा डिव्हिजनमध्ये गेला, १९४५च्या एप्रिलात जखमी झाला, अमेरिकनांच्या कैदेत पडला. ते मी केव्हाच माफ केलंय. (माफ करणारी मी कोण, तेही जाऊ दे.) बोचतं ते पुढचं. १९८५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रेगन आणि पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर कोल जर्मनीतल्या बिटबुर्गच्या दफनभूमीत गेले. तिथे एसएसवालेही पुरलेले, म्हणून हा त्यांच्यावर तुटून पडला. बोलताना घशात काहीच अडकलं नसेल? शेवटी २००६ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, आपण एसएसमध्ये होतो हे स्वतःच सांगितलं. आणि कैदेतल्या कागदांवर तर ते पहिल्यापासून नोंदलेलं होतं! कुणी बघायलाच गेलं नाही.

त्या कबुलीच्या कितीतरी आधी, १९८६-८७ मध्ये, तो बायकोबरोबर कलकत्त्यात राहिला. तिथली चित्रं आणि टिपणं घेऊन पुस्तक केलं, नावच ‘जीभ दाखवणं’. शिवावर पाय पडला म्हणून कालीची जीभ शरमेनं बाहेर आली, असं बंगालात सांगतात. आपण नाही का, भलतं बोलून गेलो की जीभ चावतो. तो ती जीभ काढत बसला होता, कागदामागून कागद. आणि गप्प.

परवा दादानं विचारलं, “आईच्या पाटल्यांचं तुला काही ठाऊक होतं का गं?”

“नाही रे,” म्हणाले. हातातला कपसुद्धा खाली ठेवला नाही.

पाटल्यांचं कधीतरी लिहीन. आज नको.

सकाळी खोडरबर घेऊन बसले. ‘हा माणूस लपवत’ एवढं गेलं, मग जुना कागद सोलायला लागला म्हणून थांबले. आता पानावर फक्त ‘नाही’ आहे, खाली दोन रेघा. अक्षर माझंच. रद्दीत घालणार होते, पण आता हे पान कुणाच्या हाती द्यायचं? ठेवलं परत वरच्या फळीवर, मागच्या रांगेत.