तुम्ही विचारलंत म्हणून: त्या दगडाचं एवढं काय?

हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत येतो, लोकलमध्ये येतो, आणि सगळ्यात जास्त आमच्या सासूबाईंकडून येतो, की इथं माणसांना राहायला जागा नाही आणि तू फुटपाथवरचे दगड कसले वाचवत फिरतेस. तर ऐका.

इंग्रजांच्या काळात फोर्टातल्या सेंट थॉमस चर्चपासून अंतर मोजून मुंबईभर मैलाचे दगड लावलेले. आता यातले बरेचसे कुणी मुद्दाम फोडलेले नाहीत हो, ते बुडाले. दर वेळी डांबराचा नवा थर, खालचा खरवडायचा कंटाळा, मग त्या हिशोबाने फुटपाथही वर, दगड बिचारा आहे तिथेच, शेवटी नुसतं टाळकं दिसतं. फ्लोरा फाउंटनच्या दुरुस्तीत ट्रामचे रूळ निघाले तेही असेच डांबराखालून. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली, पण आपण अजून दादर टीटीच म्हणतो की नाही, त्यातला पहिला टी ट्रामचाच.

पाणपोयांचं दुखणं वेगळं. मशीद बंदरची केशवजी नाईकांची बघा, १८७६ ची, वर घड्याळाचा मनोरा. तेव्हा अशा कितीतरी पाणपोयांना माणसांसाठी नळ आणि बैलाघोड्यांसाठी कुंडी असायची. पण एकदा का पाण्याचं कनेक्शन तुटलं की पंधरा दिवसांत तिथे चहाचे कप, नारळाच्या करवंट्या. म्हणून माझं आपलं एकच पालुपद असतं, पॉलिश नंतर करा, आधी नळाला पाणी आणा.

माझ्या ऑफिसच्या वाटेवर असाच एक दगड होता, वीतभर वर. एक गजरेवाली मावशी त्यावर बसायची. मी जाता येता बघायचे, मला वाटायचं गटाराचं काहीतरी असेल. मग एकदा पेव्हर ब्लॉक बदलायला फुटपाथ खणला आणि तो निघाला चांगला कमरेएवढा. जेसीबीवाला उचलूनच टाकणार होता, त्याची काय चूक, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी मुकादमाला म्हटलं, दादा दोन मिनिटं थांबा, आणि मावशीच्या फुलांवरचं ओलं फडकं घेऊन पुसला तर रोमन आकडा आणि खाली चर्चचं नाव. मुकादमाने बोट फिरवून बघितलं, मग स्वतःच पोरांना ओरडला, ए, हाताने खणा रे इथं.

दगड राहिला. मावशी मात्र माझ्यावर अजून चिडून आहे, म्हणते तुझ्यापायी माझी बसायची जागा गेली, आता एवढ्या उंचावर मी चढू का? आता ती त्याला पिशवी अडकवते. मी काही बोलत नाही, गजरा घेते आणि ट्रेन पकडते.