पार्किंगमधली टिटवी

आज न्यू जर्सीत ऑफिसच्या पार्किंगमध्ये एक पक्षी पंख फरपटत माझ्यापुढे धावत सुटला. पंख मोडलाय वाटून मागे गेले, तर थोडं पुढे जाऊन भुर्रकन उडाला! किलडिअर. आपल्या टिटवीच्याच कुळातला. कडेच्या खडीत चार अंडी होती, खड्यांसारखीच ठिपकेदार. त्यांच्यापासून मला लांब नेण्यासाठी एवढं सोंग.

मेंटेनन्सवाल्यांनी लगेच भोवती केशरी कोन लावले. १९१८ च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्यामुळे अंडी असलेलं घरटं इथे परवानगीशिवाय हलवता येत नाही. किती बरं वाटलं!

बाबांना फोटो पाठवला. जालन्याहून लगेच फोन. "अंडी उंचावर घातलीत का खळग्यात?"

टिटवीने उंचावर अंडी घातली की पाऊस चांगला, असं आमच्याकडे जुनी माणसं मानतात.

सकाळपासून मी दोन्हीकडच्या बातम्या वाचत होते. इकडे व्हिसाचे बदलते नियम, तिकडे टँकरच्या फेऱ्या. जीव नुसता टांगणीला. आणि बाबांनी इथल्या अंड्यांना थेट मराठवाड्याचा पाऊस विचारला!

परत जाऊन नीट पाहिलं. उंचवट्यावरच आहेत, बाबा.

तुमच्या शिवारात यंदा टिटवीने कुठे घातलीत अंडी?