तुम्ही विचारलंत म्हणून: कळशीतलं पाणी

‘टाकीत चुकून काहीतरी केमिकल गेलंय, सगळं पाणी बदलून टाकू का?’ मरीन टाकी, म्हणजे घरात समुद्री जिवांची खाऱ्या पाण्याची टाकी, ठेवणारी माणसं मला हे वारंवार विचारतात. बहुतेकदा रात्री उशिरा, रडवेल्या आवाजात. माझं उत्तर ठरलेलं आहे: सगळं पाणी एकदम बदलू नका, आणि आधी नेमकं काय गेलं ते शोधा. हे उत्तर मला आमच्याच घरात मिळालं.

माझी टाकी २०० लिटरची. दोन क्लाउनफिश, नऊ टर्बो गोगलगायी, एक क्लीनर कोळंबी आणि सगळी मऊ कोरलं, म्हणजे प्रवाळं. कठीण सांगाड्याची प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. ती मी ठेवत नाही, तुम्हीही ठेवू नका.

आम्ही सोळा दिवस बाहेरगावी जाणार होतो, म्हणून आई साताऱ्याहून राहायला आली. माझ्या टाकीतून रोज दोन-अडीच लिटर पाणी उडतं. मीठ मागे राहतं, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची, तीही आरओ-डीआयच्या, म्हणजे क्षार आणि धातू काढून टाकलेल्या पाण्याची. मी कॅन भरून ठेवले, काचेवर पट्टी चिकटवून खूण करून दिली. हिशेब माझा चुकला. चौथ्या दिवशी कॅन संपले.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते रात्रभर ठेवून मग वापरावं, हे आईनं माझ्याच तोंडून ऐकलं होतं. तिनं ते पाणी घरातल्या सगळ्यात स्वच्छ भांड्यात ठेवलं. तांब्याच्या कळशीत. रोज चिंच-मिठानं घासून, वर फडकं बांधून. सकाळी देवपूजा झाली की खुणेपर्यंत भर घालायची. बारा दिवस एकही खाडा नाही.

आम्ही परतलो तेव्हा क्लाउनफिश नेहमीसारखे काचेशी येऊन खायला मागत होते. गोगलगायी मात्र काच सोडून वाळूत उलट्या पडल्या होत्या. झोआ, म्हणजे गुच्छानं वाढणारे छोटे मऊ जीव, मिटलेले, लेदर कोरल आक्रसून मुठीएवढं झालेलं. दगडाच्या कपारीत कोळंबी दिसली. आधी वाटलं, कात टाकली असेल. पण कात पोकळ असते, काचेसारखी आरपार दिसते. ही दुधी पांढरी पडली होती.

पाण्याचा खारेपणा मोजला, विशिष्ट गुरुत्व १.०२५, म्हणजे ठीक. तापमान २६ अंश. अमोनिया शून्य. मासे ठणठणीत आणि बिनकण्याचे जीव आडवे, असं दिसलं की माझा पहिला संशय तांब्यावर जातो. पण तांबं येणार कुठून? पंपाचे स्क्रू बघितले, हीटर बघितला. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, तर ओट्यावर कळशी. लखलखीत.

एका कळशीतलं तांबं नगण्य असतं. ते पाणी आपण खुशाल पितो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात पिण्याच्या पाण्यात लिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत तांबं चालतं. पण टाकीतलं पाणी उडतं, तांबं उडत नाही. रोजचं थोडं थोडं साठत गेलं. समुद्री माशांच्या एका परजीवी रोगावर वेगळ्या टाकीत लिटरला ०.१५ ते ०.२ मिलिग्रॅम तांबं मुद्दाम ठेवतात. मासा त्यातून बरा होतो, कोळंबी आणि गोगलगाय मरते. जहाजांच्या बुडाला पूर्वी तांब्याचे पत्रे ठोकत आणि आजही तांबंयुक्त रंग देतात तो त्याचसाठी, शिंपले आणि बार्नेकल धरू नयेत म्हणून.

मी भर घालणं थांबवलं. साठवणीतलं मिठाचं पाणी तापमान जुळवून घेतलं, त्यातलं थोडं बादलीत काढलं, हवेचे बुडबुडे सोडणारा दगड लावला आणि हलणाऱ्या गोगलगायी त्यात ठेवल्या. नऊपैकी चार जगल्या. मग टाकीतलं ४० लिटर पाणी बदललं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ४०, असं चार दिवस. प्रत्येक वेळी पाचवा हिस्सा जातो, म्हणजे चार बदलांनंतरही पाण्यातलं चाळीस टक्क्यांच्या आसपास तांबं उरतंच. मग एकदम सगळंच का नाही बदललं? कारण आधीच अर्धमेल्या कोरलांना तेवढा धक्का सोसत नाही. शिवाय तांबं नुसतं पाण्यात नसतं, चुनखडीच्या दगडांत आणि वाळूत ते धरून बसतं आणि नंतर हळूहळू सुटत राहतं. ते पकडायला जड धातू शोषणारा पांढरा पॅड सम्पमध्ये, म्हणजे टाकीखालच्या गाळणीच्या टाकीत, लावला. तांबं धरलं की हा पॅड निळा पडतो. तिसऱ्या दिवशी कडा निळसर दिसल्या, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन आईजवळ बसले.

सांगावं की नाही, यावर दोन दिवस घालवले होते. सांगितल्यावर ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “अगं, मी तर सगळ्यात चांगलं पाणी घातलं.” खरंच घातलं होतं. तिच्यावर आवाज चढवला असता, तर पुढच्या वेळी घरात कुणीच मला काही सांगितलं नसतं. विषबाधेत माहिती लपणं फार महागात पडतं. झुरळांचा फवारा, फिनाईल, हाताला लावलेलं क्रीम यांवर भरपूर ॲक्टिव्हेटेड कार्बन लावायचा असतो. साबण गेला तर स्किमर, म्हणजे फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र, फेसानं उतू जातो, त्यावरून कळतं. तांब्याला नुसता कार्बन पुरत नाही. काय गेलं हेच माहीत नसेल, तर उपाय अंदाजानं करावे लागतात. म्हणून फोनवर मी आधी विचारते, टाकीजवळ आज कोण कोण आलं होतं? आणि सांगते, प्रेमानं विचारा.

लेदर कोरल पाच आठवड्यांनी पूर्ण उघडलं. झोआंचा एक गुच्छ गेला तो गेलाच. नवी कोळंबी मी अजून आणलेली नाही.

आई दर रविवारी फोनवर विचारते, “पॅड निळा आहे का गं?” गेल्या रविवारी काढून बघितला. तपकिरी होता, नेहमीच्या घाणीनं. निळा नव्हता. फोटो काढून तिला पाठवला.