नंबर तुम्हीच टाका

2006 च्या ऑगस्टमध्ये आमच्या केबलच्या कंट्रोल रूममधला फोन क्षणभर थांबत नव्हता. मुंबईत केबलवाल्यांचे डिकोडर, म्हणजे चॅनेलचा सिग्नल उघडणारी यंत्रं, जप्त झाले होते आणि त्या धास्तीने आम्ही इंग्रजी सिनेमांचे चॅनेल सरसकट बंद करून टाकले होते. ‘ए’ सर्टिफिकेटचा, म्हणजे फक्त प्रौढांसाठीचा, सिनेमा केबलवर दाखवायचा नाही, असं उच्च न्यायालयाने बजावलं होतं. ते मला पटत होतं, माझ्याही घरात लहान मुलं होती. पण दिल्लीहून की सिंगापूरहून येणाऱ्या चॅनेलवर रात्री काय लागणार, हे परळच्या चाळीत जिन्याखाली अ‍ॅम्प्लिफायर बसवणाऱ्याने कसं ओळखायचं?

तेव्हा एकच वायर सगळ्या घरांत फिरायची. पहिल्या मजल्यावरच्या आजींना एखादा चॅनेल नकोसा झाला, तर तो त्यांच्यापुरता काढता येत नसे. काढला की अख्ख्या लाइनचा जायचा. सरकारचंही तसंच झालं. 2007 मध्ये एएक्सएन हा इंग्रजी मालिकांचा चॅनेल आणि पाठोपाठ फॅशनचा एफटीव्ही, दोन्ही दोन-दोन महिन्यांसाठी देशभर बंद करायचा हुकूम. एखाद-दुसऱ्या कार्यक्रमापायी सगळा चॅनेल! केबलवर काय दाखवायचं नाही हे सांगणाऱ्या सरकारी प्रोग्राम कोडमध्ये सुरुची आणि सभ्यतेला बाधा नको, असं लिहिलंय. पण आमच्या एका मजल्यावरच्या दहा खोल्यांतसुद्धा सुरुची एक नव्हती.

2012 च्या शेवटी मुंबईत सेट-टॉप बॉक्स सक्तीचे झाले आणि मला मनापासून बरं वाटलं, कारण बॉक्समध्ये लॉक असतं. ज्याला जे नको, ते त्याच्याच घरात बंद. फक्त ते लॉक कसं लावायचं, हे लोकांना कुणी नीट दाखवलंच नाही.

वसुलीला गेलो असताना एक ताई म्हणाल्या, “भाऊ, मी दुपारपाळीला जाते, पोरं एकटी असतात. हे दोन चॅनेल काढूनच टाका.”

“काढायचे कशाला? रात्री तुम्हाला बघायचे असतील तर?”

त्या जरा थांबल्या. “सिनेमा बघते मी कधीकधी.”

रिमोट घेऊन मेनू उघडला. लॉक होतं, पण पिन 0000 तसाच, आणि तो थोरल्या मुलाला पाठ. बदलायच्या पानावर आणून रिमोट त्यांच्या हातात दिला, “नंबर तुम्हीच टाका” म्हणालो आणि दाराकडे तोंड करून उभा राहिलो. त्यांनी चार बटणं दाबली, पुन्हा चार दाबली.

तेव्हापासून नवा बॉक्स बसवला की पावती फाडायच्या आधी मी हेच करतो.