गॅलरीतला प्रसंग : तिसऱ्या महिन्याची नोंद

दोन मिनिटांचा प्रसंग, समोरासमोर बसलेल्या दोन बायका, एक कपबशी आणि गिरगावातल्या आमच्या चाळीची अरुंद गॅलरी, एवढ्या सामग्रीवर मी गेले तीन महिने चित्रणाचा आणि संकलनाचा सराव करीत आहे. आई आणि शेजारच्या काकू या माझ्या दोन्ही कलावंत आहेत. लाँग शॉट (दुरून), मिड शॉट (मध्यम अंतरावरून) आणि क्लोज-अप (अगदी जवळून) यांतला फरक पहिल्या महिन्यातच अंगवळणी पडला, त्यामुळे त्याविषयी येथे लिहीत नाही. या महिन्याचा बहुतेक वेळ इमॅजिनरी लाइन समजून घेण्यात गेला.

दोन पात्रे एकमेकांकडे पाहत असली की त्यांच्या नजरांना जोडणारी एक रेषा धरायची आणि सर्व शॉट तिच्या एकाच बाजूने घ्यायचे, म्हणजे कॅमेऱ्याला फिरायला १८० अंशांचा अर्धा पट्टा मिळतो, हे मी वाचले होते. पहिला शॉट मी खोलीच्या दारातून घेतला. त्यात आई डावीकडे बसून उजवीकडे पाहत होती. काकूंचा क्लोज-अप घेताना दारात पुरेशी जागा होईना, म्हणून मी कठड्याला टेकून उभा राहिलो. चित्रण करताना काहीच खटकले नाही. रात्री दोन्ही शॉट जोडले तेव्हा मात्र आईही उजवीकडे पाहत होती आणि काकूही उजवीकडेच. दोघी एकमेकींशी नव्हे, तर पडद्याबाहेरच्या कुणा तिसऱ्याच व्यक्तीशी बोलत आहेत, असे दिसत होते. कठड्याशी जाताना मी रेषा ओलांडली होती.

रेषा ओलांडणे वर्ज्य आहे असे नाही. प्रेक्षकाला ती ओलांडताना दिसली पाहिजे. चालू शॉटमध्ये कॅमेरा एका बाजूकडून दुसरीकडे नेता येतो, पात्राने स्वतः जागा बदलली तर रेषाच बदलते, किंवा नेमका रेषेवरून घेतलेला एक शॉट मध्ये ठेवता येतो. मी तिसरा मार्ग निवडला. गॅलरीच्या टोकाला, काकूंच्या पाठीमागे ट्रायपॉड लावून आईचा समोरून शॉट घेतला आणि तो मध्ये घातल्यावर कठड्याकडून घेतलेला क्लोज-अपही निमूटपणे जागेवर बसला.

७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलमध्ये मुंबईकरांनी सिनेमाच्या आरंभकाळातल्या फ्रेंच ल्युमिएर बंधूंची जी चलच्चित्रे पाहिली, ती प्रत्येकी मिनिटभराच्या आतली आणि एकाच जागी ठेवलेल्या कॅमेऱ्याने सलग टिपलेली होती. तेथे कटच, म्हणजे एका शॉटवरून दुसऱ्यावर जाणारा जोडच, नव्हता, म्हणून रेषेचा प्रश्नही नव्हता. काळा घोड्यावरून त्या इमारतीसमोरून जाताना हल्ली मला प्रत्येक वेळी हे आठवते.

प्रकाशाच्या दोन अडचणी आल्या. दारातून पाहताना मागचा रस्ता उजळ आणि चेहरे काळवंडलेले दिसत. दाराशी पांढरी चादर ताणून धरल्यावर रस्त्याकडचा उजेड तिच्यावरून परतून चेहऱ्यांवर आला. दुसरी अडचण संध्याकाळी ट्यूबलाइट लावल्यावर आली, कारण चित्रावर आडवे पट्टे सरकू लागले. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्यामुळे असा दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो आणि मंदावतो. माझा शटर १/६० वर होता, म्हणजे प्रत्येक फ्रेम (चित्रणातले एकेक स्थिर चित्र) टिपताना तो सेकंदाच्या साठाव्या भागापुरता उघडत होता. तो १/५० केल्यावर प्रत्येक फ्रेमला बरोबर दोन स्पंदने मिळू लागली आणि पट्टे नाहीसे झाले. सेकंदाला २५ फ्रेम आणि १८० अंशांचा, म्हणजे प्रत्येक फ्रेमच्या निम्म्या वेळेपुरता उघडा राहणारा, शटर धरला, तर हिशेबाने १/५० हाच वेग येतो, ही गोष्ट मला फार सुंदर वाटली.

हालचालीवर कट घेण्याचे काम अजून पुरे झालेले नाही. आई बशीतून कप उचलते, तेथे मला मिड शॉटवरून क्लोज-अपवर जायचे आहे. कप हलण्याआधी कट घेतला तर तो उघडा पडतो; कप बशीतून सुटल्याच्या क्षणी घेतला तर डोळा हालचालीमागे जातो आणि कट जाणवत नाही. एका फ्रेमने, म्हणजे सेकंदाच्या पंचविसाव्या भागाने, कट मागेपुढे सरकवीत मी एक अख्खी रात्र घालवली. मग लक्षात आले की मिड शॉटमध्ये कप आईच्या उजव्या हातात आहे आणि क्लोज-अपमध्ये डाव्या. ही चूक संकलनात दुरुस्त होणारी नव्हती. काकूंनी तर चित्रणाच्या वेळीच विचारले होते, "अरे, मघाशी तिने कप या हातात धरला होता का?" मी तिकडे लक्ष दिले नाही.

आवाजाच्या बाबतीत मात्र समाधान आहे. पंखा बंद करून, सर्वांना गप्प बसवून गॅलरीचा नुसता तीस सेकंदांचा रूम टोन, म्हणजे कोणी बोलत नसतानाचा तेथला आवाज, ध्वनिमुद्रित केला आणि तो संवादांखाली अखंड पसरला, तेव्हा प्रत्येक कटला बदलणारी रस्त्याची घरघर एकसंध झाली. शिवाय काकूंचे एक वाक्य त्यांच्या चित्राच्या बारा फ्रेम आधी सुरू केले. या जे-कटमुळे आई ते ऐकताना दिसते आणि तिच्या चेहऱ्यावरचा बदल वाया जात नाही.

येत्या रविवारी सकाळी, ऊन त्याच कोनात असताना, कपाचा क्लोज-अप पुन्हा घ्यायचा आहे. वहीत नोंद केली आहे : कप उजव्या हातात, कपाचा कान खोलीच्या बाजूला, बशी डाव्या गुडघ्यावर, चहा अर्ध्यापेक्षा थोडा वर.