४० पैकी १४

फर्स्ट एमबीबीएसला अ‍ॅनॉटॉमीच्या, म्हणजे शरीररचनेच्या, प्रॅक्टिकलला मला ४० पैकी १४ पडले होते. हे आज सांगायचं कारण म्हणजे परवा मावसबहिणीचा फोन आला, तिचा मुलगा यंदा फर्स्ट इयरला आहे, आणि ती विचारत होती की ताई, मेडिकलला किती टक्के म्हणजे चांगले समजायचे गं? मी म्हटलं टक्के सोड, तो पोरगा वेळेत पास होतोय ना तेवढंच बघ. तिला वाटलं मी टाळतेय.

टाळत नव्हते. सांगते नीट.

मी २०१२ ची बॅच, एमएचटी-सीईटीमधून आलेली, युनिव्हर्सिटी नाशिकची आपली आरोग्य विज्ञान. तेव्हा जुना सिलॅबस होता. अ‍ॅनॉटॉमीला थिअरीचे दोन पेपर पन्नास-पन्नासचे, वायवा म्हणजे तोंडी २० ची, प्रॅक्टिकल ४० चं, वर इंटर्नल, म्हणजे कॉलेजमधल्या परीक्षांचे मार्क. बारावीपर्यंत सगळ्याची बेरीज करून पास व्हायची सवय असते, इथे तसं नाही, थिअरीत वेगळं पास व्हायचं आणि प्रॅक्टिकलमध्ये वेगळं. माझी थिअरी मस्त गेली होती, त्याचा प्रॅक्टिकलला काडीचा उपयोग नाही. पास व्हायला २० हवे होते, मला १४. आता एकाच विषयात राहिलेल्याला युनिव्हर्सिटी जास्तीत जास्त ५ मार्क ग्रेस म्हणून वाढवून देऊ शकायची. मला हवे होते ६.

एक मार्क! आई तर कितीतरी दिवस लोकांना हेच सांगायची, एका मार्काने गेली हो, जणू त्याने काही फरक पडणार होता.

झालं काय, तर स्पॉटिंग. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, डिसेक्शन हॉलमध्ये ओळीने नंबर लावून वस्तू मांडलेल्या असतात, कुठे हाड, कुठे बॉडीच्या हातातल्या एखाद्या नर्व्हला दोरा बांधलेला, कुठे मायक्रोस्कोपखाली स्लाइड. बेल वाजली की पुढच्या नंबरवर सरकायचं, बघायचं, लिहायचं, परत बेल. मध्ये एक रेस्ट स्टेशन असतं, नुसतं रिकामं स्टूल, पण नंबर त्यालाही असतो. मी त्या स्टुलावर बसले, फॉर्मलिनने डोळ्यांतून पाणी येत होतं ते पुसलं, आणि पुढच्या स्टेशनचं उत्तर त्या रेस्टच्या नंबरसमोर लिहून टाकलं. तिथून पुढे सगळं एक घर वर सरकलं. म्हणजे थायरॉइडच्या स्लाइडसमोर वेगस नर्व्ह, फीमरसमोर स्प्लीन. शेवटच्या स्टेशनला उभी राहिले आणि बघते तर पेपरवर अजून एक नंबर कोरा. पोटात असा गोळा आला ना. वरचं खोडून खाली ढकलायला लागले तर शेवटची बेल झाली आणि हॉलच्या शिपाईमामांनी हातातून पेपर ओढून घेतला. त्या धसक्यात पुढे टेबलावर सरांनी अ‍ॅक्झिलाच्या, म्हणजे काखेच्या, बाउंड्रीज विचारल्या, रोज झोपेत सांगायचे त्या, एक आठवेना.

कुणावर काय चिडणार, चूक माझीच.

तर त्या ६ मार्कांची किंमत किती? तेव्हा सप्लिमेंटरी, म्हणजे राहिलेल्यांची फेरपरीक्षा, सहा महिन्यांनी व्हायची. फर्स्टचे सगळे विषय निघाल्याशिवाय सेकंडला जाता येत नाही, त्यामुळे माझ्या रूममेट्स गळ्यात स्टेथो घालून वॉर्डच्या पोस्टिंगला जायला लागल्या आणि मी परत बोनसेट, म्हणजे अभ्यासाची हाडं, घेऊन रूमवर. सप्ली निघाली, पण मी झाले ऑड बॅचची. हा शब्द मेडिकलच्या बाहेर कुणाला कळत नाही. सहा महिने मागे म्हणजे तेवढ्यापुरतं मागे नाही, ते साडेचार वर्षं मागे, कारण पुढची प्रत्येक परीक्षा सहा महिने उशिरा. लेक्चरला आपण ना सीनिअर ना ज्युनिअर, मेसमध्येही बसायचं कुणाबरोबर हा प्रश्न.

आणि खरा फटका शेवटी बसतो. माझ्या मूळ बॅचची इंटर्नशिप, म्हणजे शेवटचं हॉस्पिटलमधलं वर्ष, वेळेत संपत होती, त्यांनी जानेवारी २०१८ ची नीट पीजी, म्हणजे पुढच्या एमडी-एमएसची प्रवेश परीक्षा, दिली. पीजीला बसायचं तर ठरलेल्या तारखेच्या आत इंटर्नशिप पूर्ण हवी, त्या वर्षी ती तारीख ३१ मार्च होती. माझी ऑगस्टमध्ये संपत होती. म्हणजे थेट जानेवारी २०१९. सहा मार्कांचे सहा महिने झाले आणि सहा महिन्यांचं वर्ष झालं, सावकाराचं व्याज परवडलं. बरं, नीट पीजीमध्ये तुम्हाला एमबीबीएसला किती मार्क होते हे कुणी विचारतच नाही. आमच्या वर्गातली तीन डिस्टिंक्शनवाली आणि मी, सगळे एकाच रांगेत, रँक येईल ती ब्रँच. पण माझ्या रांगेत उभं राहायची तारीख वर्षभर पुढे गेलेली. म्हणून बहिणीला म्हटलं टक्के सोड.

आता नियम बदललेत आणि माझ्या मते चांगले बदललेत. २०१९ पासून नवीन अभ्यासक्रम आला, सप्लिमेंटरी आता लगेच घेतात, पास झालेली मुलं आपल्याच बॅचमध्ये परत येतात, ऑड बॅच हा प्रकारच बंद. पण पुढे ग्रेसही काढून टाकली. हजेरी थिअरीला ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलला ८०, नाहीतर बसूच देत नाहीत. इंटर्नलचे मार्क मार्कशीटवर वेगळे दिसतात, पास होण्यात धरत नाहीत, पण ते कमी असले तर मुख्य परीक्षेलाच पात्र नाही. फर्स्ट इयरला जास्तीत जास्त चार अटेम्प्ट. शिवाय लॉगबुक, त्यात प्रत्येक स्किलची सही, आणि त्या सहीसाठी पोरं आमच्या केबिनबाहेर अशी उभी असतात जशी आम्ही जर्नल घेऊन उभे असायचो. फरक शून्य.

हो, आता मी टेबलाच्या पलीकडे आहे. मेडिसिनला लेक्चरर. एक्झामिनर व्हायला अजून सर्व्हिस कमी आहे, म्हणून फायनल इयरच्या प्रॅक्टिकलला माझ्याकडे काम येतं ते पेशंट जमवायचं. लाँग केसला, म्हणजे एक पेशंट पूर्ण तपासून निदान सांगायचं त्याला, चांगल्या फाइंडिंग असलेले, स्थिर तब्येतीचे पेशंट लागतात, त्यांना फोन करून बोलवायचं, चहा-नाश्त्याचं बघायचं, जायच्या-यायच्या भाड्याचं बघायचं. एक आजोबा दर परीक्षेला येतात, प्लीहा वाढलेली आहे त्यांची. घाबरलेलं पोर दिसलं की स्वतःच शर्ट वर करून हळूच म्हणतात, डाव्या अंगाला बघ बाळा, चार बोटं आहे. आम्ही दोन-तीनदा दटावलं. मागच्या वेळी एका मुलीने त्यांच्या पोटावर थंडगार हात ठेवला तर म्हणाले, आधी हात चोळून गरम कर, सर त्याचे मार्क कापतात. खरंच कापतात हो! पेशंटला विचारून हात लावला का, हात गरम केला का, पोट दाबताना नजर पेशंटच्या चेहऱ्यावर होती का, हे एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, लांबून बघत असतात, आणि पोरांना वाटतं आपण निदान चुकलो म्हणून गेलो. त्या मुलीचं निदान अर्धवटच होतं. पास झाली.

आमच्या डिपार्टमेंटला स्टेशन मांडायचं कामही माझ्याकडेच आहे. ईसीजी, एक्स-रे, औषधं, मध्ये एक रेस्ट. आमचे मामा आधी तिथे नुसतं स्टूल ठेवायचे. आता मी त्या स्टुलासमोर टेबल लावते आणि त्यावर जाड मार्करने लिहिलेला पुठ्ठा, "विश्रांती. पेपरवर हा नंबर कोरा सोडा." मामा म्हणाले, मॅडम, एवढं कशाला, डॉक्टर होणारी पोरं आहेत, त्यांना कळत नाही का.

मी म्हटलं, असू द्या मामा. अजून थोडं मोठ्या अक्षरात करू.