लाल पुठ्ठा

शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर बॅग आवरायला घेतली आणि डायरीत अडकलेला एक लाल पुठ्ठा हाती आला. वहीच्या पानाएवढा, लॅमिनेट केलेला, कोपरे गोल कापलेले. आमचा नाही, हे बघताक्षणी कळलं. आमच्या टोस्टमास्टर्स क्लबातला, म्हणजे भाषणाचा सराव करायच्या मंडळातला, लाल पुठ्ठा म्हणजे कुणाच्या तरी लग्नपत्रिकेवर चिकटवलेला घोटीव कागद. वक्त्याला लाल दिसतो, वेळ मोजणाऱ्या टायमरला 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' दिसतं.

टोस्टमास्टर्सवाल्यांना सांगायला नको. टायमर वक्त्याला पाचव्या मिनिटाला हिरवा पुठ्ठा दाखवतो, सहाव्याला पिवळा, सातव्याला लाल. त्यापुढचा अर्धा मिनिट सवलतीचा.

गेली दोन वर्षं मी क्लबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर महिन्याला न चुकता लिहितो, "मंडळी, दुसऱ्या क्लबांना भेट द्या, वेगळं काही शिकायला मिळतं." खाली आठ-दहा अंगठे येतात. जात कोणीच नाही. मीही गेलो नव्हतो. आपला क्लब घरापासून चालत सात मिनिटं, सभा संपली की कोपऱ्यावरचा ठरलेला चहा. कशाला उगाच दोन बस बदलायच्या?

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. आमच्याकडे उलट आहे, न पिकलेलंही विकलं जातं. माझा स्कूटरच्या किल्लीचा विनोद आहे. मी खिशात हात घातला की लोक हसायला लागतात, विनोद मागाहून येतो. मध्यंतरी एकदाचा एका दुसऱ्या क्लबात गेलो आणि भाषणाच्या मध्यावर मी खिशात हात घातला. शांतता. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी पर्समधून टिश्यू काढून पुढे केला.

शेवटी त्यांच्या आह-काउंटरने, म्हणजे वक्त्याचे अडखळे मोजणाऱ्याने, उभं राहून अहवाल वाचला, "पाहुण्यांचे 'अं' दोन, 'म्हणजे' चार, 'काय आहे की' चौदा." चौदा! आमच्या क्लबात इतक्या वर्षांत कुणी 'काय आहे की' मोजलाच नव्हता. घरच्या पंख्याची कुरकुर पाहुण्यांनाच ऐकू येते, तसंच काहीसं.

बसमध्ये शाळा आठवली. एक ऑगस्ट, लोकमान्यांची पुण्यतिथी. 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो' इथपासून सगळं घडाघडा. आमच्या हॉलमधल्या टेबलाच्या सनमायकाची कड सुटलेली होती. बोलताना ती मी नखाने उचकटत असे आणि त्या लयीवर माझं पाठांतर चाले. दर वर्षी पहिला नंबर. मग बाईंनी तालुक्याच्या स्पर्धेला पाठवलं, दुसऱ्या शाळेत. माझा नंबर नववा. माझ्या आधी आठ टिळक होऊन गेले होते आणि आठांपैकी एकानेही शेंगा खाल्ल्या नव्हत्या. मी उभा राहिलो तर समोर टेबलच नाही, नुसता माइकचा दांडा. हातांना काही काम उरलं नाही. 'मी टरफलं' इथे गाडी थांबली ती थांबलीच. बाई मागच्या रांगेतून ओठ हलवत होत्या, तेही दिसेना. शेवटी परीक्षकच हळूच म्हणाले, "उचलणार नाही," आणि त्यांनी घंटी वाजवली.

आजोबांना हे सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. आमच्या सिंधुदुर्गात दशावतारी आज या गावच्या जत्रेत, उद्या त्या गावच्या. लिहिलेले संवाद नसतात. पेटारा उतरवायचा, तोंडाला रंग लावायचा आणि समोरची माणसं बघून बोलायचं. आजोबा एकच नाटक चार-चार गावांत जाऊन बघत. राजा तोच, पण गावागणिक वेगळा भांडतो, म्हणत. मला तेव्हा टेबलाचंच दुःख होतं.

राल्फ स्मेडली यांनी २२ ऑक्टोबर १९२४ ला कॅलिफोर्नियातल्या सँटा ॲना गावात, वायएमसीएच्या तळघरात ही टोस्टमास्टर्सची सभा पहिल्यांदा भरवली. तीच माणसं त्याच तळघरात एकमेकांना टाळ्या देत बसली असती, तर मला दोन बस बदलाव्या लागल्या नसत्या आणि चौदा हा आकडाही कळला नसता. यातलं बरं कुठलं, अजून ठरत नाही. 'काय आहे की' मात्र आता बोलायच्या आधी जिभेवर टोचतो. बायकोशी बोलतानासुद्धा. ती म्हणते, हल्ली तू फार थांबून थांबून बोलतोस, बरं वाटतंय ना?

तर हा पुठ्ठा. टेबल टॉपिक्सला, म्हणजे आयत्या वेळच्या विषयांवर बोलायच्या फेरीला, त्यांचा टायमर आला नव्हता म्हणून पाहुणा असूनही मला बसवलं. हिरवा, पिवळा परत दिले. लाल तेवढा डायरीत राहिला. त्यांची सभा दर शुक्रवारी असते, म्हणजे कालही झाली. नेऊन द्यायला पुन्हा जावं लागणार, दोन बस बदलून. तोवर तिकडे कोण किती वेळ बोलत सुटलं असेल, कोण जाणे.